नाथसागरावरची गाडीवाट

या साइटवरचे अमानवीय अनुभव मी बऱ्याच वर्षांपासून वाचते. पण खरं सांगू का, हसण्यासाठी वाचायचे. दुपारी डबा खाताना लॅबमधल्या मुलींना एखादा अनुभव मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मग त्यात थाप नेमकी कुठे आहे ते सगळ्यांनी मिळून शोधायचं, हा आमचा खेळ होता. आज मीच लिहायला बसलेय... आता कोणीतरी कुठेतरी डबा खाताना माझा अनुभव वाचून हसेल. हसू दे. मी त्यांच्या जागी असते तर हसलेच असते.

मी सुजाता. वय एकोणपन्नास. छत्रपती संभाजीनगरला राहते, पडेगावच्या बाजूला, आणि औरंगपुऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं टेक्निशियन आहे. रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, रंगवायचा, दिसेल ते लिहायचं. दिसत नाही ते लिहायचं नाही. आमचं घर बौद्ध. नवस, उतारा, अंगात येणं हे सगळं आमच्याकडे आजोबांच्या पिढीतच बंद झालं. आणि माझा मोठा भाऊ, सिद्धार्थदादा, तर याच्याही चार पावलं पुढे. तो हायस्कूलला फिजिक्स शिकवायचा, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला. सुट्टीच्या दिवशी खेडोपाडी जाऊन चमत्कारांचे प्रयोग करून दाखवायचा — नारळातून करणी कशी निघते, जिभेतून तार आरपार कशी जाते — आणि शेवटी प्रत्येकातली युक्ती उघड करायचा. लहानपणी मी त्याला काहीही विचारलं तरी त्याच्याकडे उत्तर असायचं. नसलं तर दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून घेऊन यायचा.

हे सगळं दादाला विचारून लिहितेय. त्याने मजकूर वाचला, दोन ठिकाणची अंतरं दुरुस्त केली आणि परत दिला.

आता तो दिवस.

फेब्रुवारीतला रविवार. प्लॅन कलीमभाईचा. कलीमभाई म्हणजे दादाचा दहावीपासूनचा दोस्त, शहागंजात त्याचं सायकलींचं दुकान आहे. दुकान भाऊ बघतो आणि हा दुर्बीण गळ्यात अडकवून पक्ष्यांमागे फिरतो, अशी त्याच्या घरच्यांची तक्रार. दादाला रिटायर झाल्यावर सायकल त्यानेच घ्यायला लावली, आणि दादाच्या मागे लागून मीही घेतली. पैठण रोडने सायकलवर जायकवाडी धरणाच्या बॅकवॉटरला, म्हणजे नाथसागरावर जायचं, तिथे त्याच्या ओळखीच्या एका कोळ्याची होडी ठरवलेली, तीन-चार तास पाण्यावर पक्षी बघायचे आणि परत येताना सायकली टेम्पोत टाकून यायचं. टेम्पो कलीमभाईचा मेव्हणा घेऊन येणार होता, दुपारी दीडला, काठावर. एका दिवसात सगळं.

पहाटे साडेपाचला निघालो. पैठण रोडचं काम तेव्हा चालूच होतं. रस्त्याच्या कडेला शहराच्या पाण्यासाठीचे ते अजस्र पाइप पडलेले, एकेकात माणूस उभा राहील एवढे. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, ते याच धरणाचं. पण एवढी वर्षं शहरात राहून मी धरण पाहिलं होतं ते एकदाच, शाळेच्या सहलीत. पाणी नळातून येतं एवढंच माझं त्याच्याशी नातं.

बिडकीनला थांबून डब्यातली मुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली, वर टपरीचा चहा. तिथून पुढे दादा मागे पडायला लागला. दोनदा थांबला. एकदा म्हणाला तारेवर नीळकंठ आहे बघ, एकदा म्हणाला चेन घासतेय. कलीमभाईने चेन तपासली, ती ठीक होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. बावीस वर्षं दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचतेय मी... पण सख्ख्या भावाकडे माणूस तसं बघत नाही.

नऊच्या सुमारास काठावर पोचलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. होडीवाल्या मामांनी तसं सांगितलंय, उगाच गर्दी नको म्हणून. मामा साठीला टेकलेले. अंगाने बारीक, हात मात्र दोरखंडासारखे. बोलणं फार कमी. होडी लाकडी, दोन वल्ह्यांची, इंजिन नाही. इंजिनाने पक्षी उठतात म्हणून कलीमभाईनेच तशी निवडलेली. त्याने आणलेली लाइफ जॅकेट आम्ही घातली, मामांनी नको म्हणून पायाखाली ठेवलं.

पुढचे दोन तास मी विसरणार नाही. त्यात अमानवीय काही नव्हतं, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. थंडीतलं ते निळंशार पाणी, समोरचा काठ दिसत नाही एवढं. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची रांग, लांबून पाहिलं तर कोणीतरी गुलाबी रंगाची रेघ ओढल्यासारखी. चक्रवाकांच्या जोड्या. एक कैकर पक्षी आमच्यासमोर सरळ पाण्यात कोसळला आणि पंजात मासा घेऊन वर आला, तो मासा उन्हात चमकत होता. आणि पट्टकादंब. हे रानहंस हिमालयावरून उडून येतात आणि थंडीभर इथे राहतात, असं कलीमभाईने सांगितलं. करड्या अंगाचे, पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे. फार बुजरे. होडी तीनशे पावलांवर आली की सगळा थवा एकदम उठायचा. कलीमभाईने चार वेळा फोटो काढायचा प्रयत्न केला, चारही वेळा त्याला शेपट्याच मिळाल्या.

साडेअकराला आम्ही काठापासून दोन-अडीच किलोमीटर आत होतो. (हे अंतर दादाने दुरुस्त केलेलं.) तेव्हा मामांनी वल्हं थांबवून वायव्येला पाहिलं. तिकडे आभाळ शाईसारखं झालं होतं. मामा म्हणाले, चला, फिरू. आम्ही म्हटलं दहा मिनिटं थांबू, त्या पलीकडच्या चित्रबलाक करकोच्यांजवळून एक चक्कर मारू. मामांनी सरळ होडी वळवली.

पंधरा मिनिटांत वारा आला. काठावर उभं राहून कळत नाही, पण नाथसागराला समुद्राची खोड आहे. डावीकडून लाटा यायला लागल्या, आधी गुडघाभर, मग त्याहून मोठ्या. होडी एका बाजूने वर उचलली जायची आणि आपटायची. पाणी आत येत होतं, मी आणि कलीमभाई डब्याने उपसत होतो. मामा पूर्ण जोर लावून वल्हवत होते आणि काठावरचं बाभळीचं बेट जिथल्या तिथे होतं. उलट थोडं लांबच जात होतं.

तेव्हा मी दादाकडे पाहिलं.

तो होडीच्या मागच्या फळीवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून. चेहरा राखेसारखा. कपाळावर घाम — एवढ्या गार वाऱ्यात. मी विचारलं काय होतंय. तो म्हणाला, ॲसिडिटी. मी विचारलं हात दुखतोय का. त्याने डावा खांदा दाबून धरला, आणि मला कळलं. हार्ट अटॅक.

कलीमभाईला चार वर्षांपूर्वी स्टेंट बसलेला, त्याच्या पाऊचमध्ये त्याच्या गोळ्या कायम असतात. त्यातली रक्त पातळ करायची गोळी त्याने दादाला चावायला लावली. एका हाताने मेव्हण्याला फोन लावत होता. रेंज एक काडी, ती पण येऊन-जाऊन. शेवटी लागला. टेम्पो ताबडतोब काठावर आण एवढंच ओरडून सांगितलं आणि फोन कटला.

मी दादाला होडीच्या तळात आडवं केलं, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. खाली चार बोटं पाणी साचलेलं. मी मनात हिशोब करत होते. काठ कधी, काठापासून हॉस्पिटल किती, हृदयाचे स्नायू मरायला किती वेळ लागतो. तो हिशोब कुठूनही जुळत नव्हता. मामांच्या नाकपुड्या फुलल्या होत्या, ते आता नुसतं होडी उलटू नये एवढंच बघत होते. मला तेव्हा काय वाटलं ते सरळ लिहिते. दादा इथेच जाणार असं वाटलं. मी कोणाला हाक मारली नाही, कुठला जप केला नाही, कारण आम्हाला तशी सवयच नाही. मी फक्त त्याचा शर्ट मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

आणि मामांनी वल्ही उचलली.

मला वाटलं त्यांनी हात टेकले. पण ते उजव्या बाजूला, पुढे बघत होते. मग एकदम हलक्या आवाजात म्हणाले,

"ताई, हलू नका. तिकडं बघा."

होडीपासून वीस-पंचवीस हातांवर पाणी शांत होतं.

नीट सांगायचा प्रयत्न करते. चहूकडे लाटा. त्या लाटांच्या मधून एक पट्टा सरळ काठाच्या दिशेने गेलेला, आणि त्या पट्ट्यात पाणी परातीत ठेवावं तसं स्थिर. त्यात आभाळ दिसत होतं. रुंदी दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढी. दोन्ही बाजूंनी लाटा येत होत्या आणि त्या पट्ट्याच्या कडेपाशी येऊन खाली बसत होत्या. फुटत नव्हत्या, फेस नाही, आवाज नाही... नुसत्या खाली बसत होत्या. कडा स्पष्ट होत्या, आखलेल्यासारख्या.

मामांनी दोन वल्ही मारली आणि होडी त्या पट्ट्यात शिरली. हिसके बसायचे एकदम थांबले.

सगळ्यात विचित्र म्हणजे वारा थांबला नव्हता. माझी ओढणी अजून फडफडत होती, कलीमभाईची टोपी मघाशीच उडून गेली होती, डोळ्यांत पाण्याचे तुषार येत होते. वारा वर तसाच होता आणि खाली पाण्यावर साधी सुरकुती नव्हती. मी हात बाहेर काढून बोटं बुडवली. पाणी कोमट होतं. हे मला नंतर कलीमभाईने विचारलं तेव्हा आठवलं, त्यानेही बोटं बुडवली होती.

आणि दोन्ही कडांना पक्षी बसले होते.

पट्टकादंब होते सगळे. दोन्ही बाजूंनी, एकामागे एक, काठापर्यंत. शेकडो असतील, मी मोजले नाहीत. सकाळी तीनशे पावलांवरून उडणारे हे पक्षी माझ्या हाताच्या अंतरावर होते. एकाच्या डोळ्यातली तांबूस कड मला दिसत होती. एकही उठला नाही. एकही ओरडला नाही. होडी जवळून जायची तशी ते नुसती मान वळवून बघायचे, लग्नाची वरात जाताना ओट्यावर बसलेली माणसं बघतात तसं. मला भीती वाटली का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. नाही वाटली. भीती त्याच्या आधी वाटत होती. त्या पट्ट्यात शिरल्यावर माझ्या छातीत काहीतरी एवढं मोठं झालं होतं की तिथे भीतीला जागाच नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी रडत नव्हते.

कलीमभाई काहीतरी पुटपुटत होता.

मामा आता न थकता वल्हवत होते. होडी अशी जात होती की जणू खालून कोणी पुढे ढकलतंय. काही वेळाने पट्टा उजवीकडे वळला. अगदी कोनात वळला. समोर सरळ गेलं असतं तर काठ जवळ होता, पण समोर लाटा होत्या आणि शांत पाणी उजवीकडे गेलेलं. मामांनी क्षणभरही विचार न करता होडी वळवली.

दादा माझ्या मांडीवर डोकं ठेवून डोळे उघडे ठेवून होता. त्याचा आवाज अगदी खोल गेलेला, पण प्रश्न त्याचाच होता.

"मामा, इथे का वळलात?"

मामांनी मान न वळवता सांगितलं, "इथं चावडी व्हती, मास्तर. वाट तिला वळसा घालूनच जायची. ही आमच्या गावाची गाडीवाट हाय."

थोड्या अंतरावर पट्टा पुन्हा डावीकडे वळला आणि सरळ काठाला लागला. होडीचा तळ चिखलाला घासला तेव्हा टेम्पो समोर उभा होता. मेव्हणा गुडघाभर पाण्यात धावत आला. आम्ही तिघांनी दादाला उचललं. टेम्पोत चढताना मी मागे वळून पाहिलं. काठापासून आभाळापर्यंत नुसत्या लाटा होत्या. पट्टा नव्हता. पक्षीही नव्हते.

मेव्हण्याला मी नंतर विचारलं, तुला काय दिसलं. तो म्हणाला, मला लाटांतून एक होडी येताना दिसली, ती हलत नव्हती हे मला विचित्र वाटलं. पट्टा त्याने पाहिला नाही. पक्षी पाहिले, पण त्याला वाटलं इथे नेहमीच असे बसत असतील.

दादाची त्याच दुपारी शहरात अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले अजून अर्धा-पाऊण तास गेला असता तर अवघड होतं. पाचव्या दिवशी घरी आला. महिनाभर त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलला नाही. वहिनीला वाटलं धसका घेतलाय. मला माहीत होतं, तो विचार करतोय.

मग एका संध्याकाळी त्याने मला आणि कलीमभाईला घरी बोलावलं. पुढ्यात वही. त्यात एकाखाली एक शक्यता लिहिलेल्या. पाण्यावर तेलाचा तवंग असला तर लाटा बसतात. पण तवंगाचे पट्टे वाऱ्याच्या दिशेने पडतात आणि हा पट्टा वाऱ्याला आडवा होता. वाऱ्यानेच पाण्यात कधी कधी शांत रेघा तयार होतात, पण त्या काटकोनात वळत नाहीत. घाबरलेल्या मनाचा भास म्हणावा तर चार माणसांना एकच भास. मामांना रस्त्याची खूण पाठ असेल आणि ते तिथूनच वल्हवत आले असतील, हे त्याने मान्य केलं, पण त्याने लाटा का थांबाव्यात? शेवटी एकच शक्यता त्याने खोडली नव्हती — की जुना रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच असेल, भराव घातलेला, आणि तिथे पाणी उथळ असल्याने लाटा अडत असतील.

तेव्हा कलीमभाईने खिशातून फोन काढला. सकाळी घरून निघताना त्याने सायकलिंगचं ॲप चालू केलं होतं आणि गडबडीत ते बंद करायचं राहून गेलं होतं. आमचा पूर्ण मार्ग त्यात रेकॉर्ड झाला होता. शहरापासून काठापर्यंतची रेघ, पाण्यावरच्या वेड्यावाकड्या रेघा, वाऱ्यात एकाच जागी झालेला गुंता... आणि त्या गुंत्यातून निघालेली एक सरळ रेघ. उजवीकडे कोन. डावीकडे कोन. मग काठ.

"मैंने किसीको बताया नहीं," कलीमभाई म्हणाला. "महीने भर से अकेला देखता बैठता हूं."

दादाने फोन हातात घेतला आणि ती रेघ बोटांनी मोठी करून पाहिली. मग म्हणाला, उन्हाळ्यात जाऊ.

त्या वर्षी धरण बरंच खाली गेलं. मेच्या शेवटी मामांचा फोन आला की वाट उघडी पडलीय. आम्ही तिघं या वेळी गाडीने गेलो, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. फेब्रुवारीत जिथे दोन पुरुष खोल पाणी होतं तिथे भेगाळलेला गाळ होता, शिंपले आणि वाळलेलं शेवाळ. आणि मधून वाट गेलेली. मामा पुढे, हातात चपला घेऊन. मागे कलीमभाई फोन समोर धरून, फोनवरची रेघ बघत. ठिपका त्या रेघेवरून हलला नाही. जिथे रेघ उजवीकडे वळत होती तिथे वाट उजवीकडे वळत होती, आणि वळणाच्या आत काळ्या दगडांचा चौकोनी जोता होता. चावडीचा.

दादाने टेप आणि जमिनीची पातळी बघायची पाणसळीची नळी आणली होती. वाट आणि आजूबाजूची जमीन त्याने सात ठिकाणी मोजली. मी टेपचं दुसरं टोक धरून उभी. वाट उंच नव्हती. वर्षानुवर्षं गाड्यांची चाकं फिरून ती शेतांपेक्षा हातभर खाली गेलेली होती. म्हणजे तिथे पाणी आजूबाजूपेक्षा जास्त खोल होतं.

वहीतली शेवटची शक्यता दादाने तिथेच उभं राहून खोडली.

आम्ही जोत्यावर बसलो. मामांनी सांगितलं की धरणात पाणी अडवलं तेव्हा ते आठ वर्षांचे होते. याच वाटेने शेवटची गाडी गेली, भांडी आणि कोंबड्या घेऊन, आणि ते मागे पाय सोडून बसले होते. पुढे आयुष्यभर ते याच पाण्यावर मासे धरत आले, वारा-वादळात अनेकदा अडकले, एकदा तर चुलतभाऊ डोळ्यांदेखत बुडाला. पाण्याने असं कधीच केलं नव्हतं. आधी नाही आणि त्यानंतरही नाही. मी विचारलं, मग त्याच दिवशी का? ते म्हणाले, मी तरी कुठून सांगू. तीन महिन्यांपासून त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. लोक येडं म्हणतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिथे शेंदूर फासून नारळ फोडायला लागतील.

मग ते दादाकडे वळले. मला वाटतं ते याच क्षणाची वाट बघत होते. फोन त्यांनी त्यासाठीच केला होता.

"मास्तर, तुमी शिकलेले. शाळेत लेकरांना शिकवलं. काय व्हतं वो ते?"

दादाने चष्मा काढून पुसला. परत घातला. त्याने वाटेकडे पाहिलं, काठाकडे पाहिलं. मी त्याला पन्नास वर्षं ओळखत नाही, पण एकोणपन्नास वर्षं ओळखते, आणि त्याच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

"मला माहीत नाही, मामा."

मामांनी मान हलवली. त्यांचा चेहरा पडला नाही. उलट खांदे खाली आले, ओझं उतरवल्यासारखे. म्हणाले, बरं झालं. मला वाटलं मलाच कळत नाय.

ऊन वर चढत होतं. कलीमभाई पाण्याची बाटली फिरवत होता. मी म्हटलं, दादा, निघू या, तुला उन्हात बसायचं नाही. तो हो म्हणाला, पण उठला नाही. त्याने वही उघडली, शक्यता खोडलेलं पान उलटलं आणि नवीन पान काढलं. मग मामांना विचारलं, या वाटेला लागून पहिलं घर कोणाचं होतं?

मामांनी सांगितलं. दादाने लिहिलं. त्यानंतरचं? तेही लिहिलं. समोरचं? तिथे तर विहीर व्हती, म्हणाले मामा, आणि विहिरीच्या मागं दोन घरं, एक तांबोळ्याचं, एक आमच्या आत्याचं. दादाने विहीर लिहिली, घरं लिहिली, आत्याचं नाव विचारलं. मामा उठून चालायला लागले, दादा वही घेऊन मागे, आणि मी त्याच्या डोक्यावर ओढणी धरून. असं करत करत आम्ही त्या वाटेने चाललो, चावडीपासून पार गावाच्या टोकापर्यंत, जिथे नुसता गाळ होता तिथे मामा थांबायचे, दोन्ही बाजूंना हात करून सांगायचे. काही नावं त्यांना लगेच आठवायची, काहींसाठी ते डोळे मिटून उभे राहायचे. दादा थांबायचा. घाई करायचा नाही.

एकशे चार नावं झाली. जूनच्या शेवटी नदीच्या वरच्या भागात पाऊस झाला, नदीला पाणी आलं आणि वाट पुन्हा बुडाली.

ते काय होतं, ते आम्हाला अजून माहीत नाही.